एका बाटलीत माणसे किती?

अंकगणितातल्या चार क्रियांपैकी भागाकार हा मला सर्वांत माणसाळलेला वाटतो. बेरीज-वजाबाकी कोणीही एकट्याने, दार लावून, करीत बसावी. आकड्यांवाचून तिला दुसरे काही लागत नाही. गुणाकार हा तर सावकाराचा लाडका. पण भागाकार म्हटला की डोळ्यांपुढे माणसे उभी राहतात. इतके आंबे, इतकी मुले. तर प्रत्येकास किती? शाळेत गुरुजी असली उदाहरणे घालीत आणि उत्तर बरोबर आले की गुण देत. मला मात्र त्या मुलांविषयी नसत्या चौकशा सुचत. आंबे सगळे सारखे होते का? एखादा नासका निघाला तर तो कोणाच्या वाट्याला गेला? आणि बाकी उरलेले दोन आंबे शेवटी खाल्ले कोणी? पुढे चाळीस वर्षे मी हिशेबाच्या टेबलाशी काढली, पण या शंका काही फिटल्या नाहीत.

गेल्या माघात असाच एक भागाकार माझ्याकडे आपण होऊन चालून आला. माझ्या थोरल्या भावाच्या नातीचा साखरपुडा नाशकात घरच्या गच्चीवर करायचे ठरले. तिचे आणि तिच्या भावी नवऱ्याचे मित्रमंडळ मोठे. त्या मंडळींचा हट्ट असा की, अंगठ्या घालून झाल्यावर फेसाळत्या वाइनचा एकेक पेला उंचावून सर्वांनी दोघांचे अभीष्ट चिंतावे. वडीलधाऱ्यांची थोडी कुजबुज झाली आणि मग ती विरली. नात माझ्याकडे कागद-पेन्सिल घेऊन आली आणि म्हणाली, "काकाआजोबा, तुम्ही हिशेबातले. बाटल्या किती आणायच्या, ते तुम्ही सांगायचं."

नाशिककरांना खरे म्हणजे या पेयाचे आता अप्रूप उरलेले नाही. १९८० च्या दशकात नारायणगावच्या बाजूला झालेली फेसाळती वाइन परदेशी जाऊ लागली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती. २००० साली नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली, आणि २०१३ मध्ये शाँदों या फ्रेंच घराण्याने नाशिकच्या द्राक्षांची फेसाळती वाइन विक्रीस काढली. बोलताना आपण या सगळ्यांना सरसकट शॅम्पेन म्हणतो. पण ते नाव फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात, तिथल्याच द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनचे. पुणेरी पगडी नागपुरात बांधली तरी चालते, इतकी सवलत फ्रेंच लोक आपल्या नावाला देत नाहीत. हिशेबापुरते मात्र दोन्हींत काही अंतर नाही. बाटली तीच, आणि तिच्यात मावते तेही तेवढेच: ७५० मिलिलिटर.

हा आकडा कोठून आला, याची जी कथा सांगतात ती मला आवडते, कारण तीही एका भागाकाराचीच आहे. वाइन विकणारा फ्रेंच लिटरने मोजी आणि विकत घेणारा इंग्रज गॅलनने. ७५० च्या सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर, म्हणजे जवळजवळ एक इंग्रजी गॅलन. बोर्दोच्या २२५ लिटरच्या पिंपात अशा बरोबर ३०० बाटल्या बसतात. दोघांच्या मापांचे भांडण मिटले आणि बाटलीचे माप ठरले.

तेव्हा माझे काम सोपे दिसत होते. एका पेल्यात १२५ मिलिलिटर ओतले तर सहा पेले, बाकी शून्य. इतके सुरेख उत्तर शाळेच्या पुस्तकातही क्वचित येते. पण मी जरा चौकशी करू लागलो, तो उत्तर हलू लागले. एक जण म्हणाला, पेला सढळ भरायचा तर १५० धरा, मग पाचच. दुसरा म्हणाला, नुसते अभीष्ट चिंतायचे तर दोन घोट पुरेत. आठ करा, कोणाच्या लक्षातही येणार नाही. आठांत वाटले तर प्रत्येकाला ९४ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहानशा कपाएवढे. पाच, सहा आणि आठ अशी तीन उत्तरे झाली, आणि तिन्ही सांगणारे अनुभवी.

डॉक्टरांच्या दारी गेलो असतो तर आणखी तीन मिळाली असती. बारा टक्क्यांच्या वाइनच्या एका बाटलीत शुद्ध मद्यार्क ९० मिलिलिटर, वजनाने सुमारे ७१ ग्रॅम. अमेरिकेत १४ ग्रॅम मद्यार्काला एक 'ड्रिंक' मानतात. म्हणजे तिथे ही बाटली पाचांची. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमला एक. तिथे ती सातांची. इंग्लंडात ८ ग्रॅमचे एक 'युनिट'; तिथे तीच बाटली नवांची होते. बाटली बदललेली नाही, आतला एक थेंब कमी-जास्त झालेला नाही. नुसता समुद्र ओलांडला की पाचाचे नऊ होतात! तेव्हा माझ्या ध्यानात आले की, बाटलीत वाइन असते, पण पेले नसतात. पेले माणसाने ठरवायचे असतात.

त्यातून या वाइनचा स्वभाव उतावळा. साध्या वाइनला बाटलीतच साखर आणि यीस्ट देऊन पुन्हा आंबवतात. त्यातून निघणारा वायू बुचाच्या आत कोंडून राहतो. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घातली की आत सहा वातावरणांचा दाब तयार होतो. मोटारीच्या टायरातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून तर ती काच जाड असते, आणि बुचाला तारेचे मुसके बांधावे लागते. अशी बाटली गार न करता उघडली तर पहिला पेला पाहुण्यांच्या कपड्यांना पाजावा लागतो. हिशेबात सहा असले तरी हाती साडेपाच येतात. वाइन आठ-दहा अंशांपर्यंत थंड केली, बूच हळूच सोडले, तर सहाचे सहा वाचतात. मोठ्या समारंभांसाठी मोठ्या बाटल्याही असतात. दोन बाटल्यांची मॅग्नम, चारांची जेरोबोम, आठांची मेथुसेलाह आणि वीस बाटल्यांचा नेबुकद्नेझर! बाबिलोनच्या त्या सम्राटाच्या पोटात १५ लिटर मावतात आणि त्यातून १२० पेले निघतात. आमच्या गच्चीला एवढ्या राजेशाहीची गरज नव्हती.

हे सगळे टिपून घेताना माझ्या मनात आमचा जुना आचारी येऊन बसला होता. त्याला कधी कोणी 'माणसे किती?' असे विचारताना मी ऐकले नाही. 'पाने किती?' असेच विचारीत. शंभर पानांचा स्वयंपाक, दीडशे पाने उठली, अजून वीस पाने मांडा. माणूस लहान असो, थोर असो, अधाशी असो की उपाशी असो. पानाने मोजला की एक. आणि त्या एका पानाला किती भात लागतो, हे आचाऱ्याच्या मुठीला ठाऊक. मुंबईच्या हॉटेलात दोन कप चहा तिघांत मागवणारी माणसेही अशीच भागाकारात तरबेज असतात. आणि सर्वांत मोठा भागाकार देवळातल्या पुजाऱ्याचा. एवढीशी तांब्याची पळी, पण एका पंचपात्रीत सारी आळी तीर्थ घेऊन जाते. घोट किती मिळाला, असे तिथे कोणी विचारीत नाही. मिळाला, एवढेच पुरते. मग आठ पेले करा म्हणणारा गृहस्थ वाइनचे तीर्थ करू पाहत होता, आणि पाच म्हणणारा जेवणच घालू पाहत होता.

मी यादी करायला घेतली. एकूण माणसे ६४. त्यांत पोरेटोरे आणि अजून वयात न बसणारी १४, राहिली ५०. त्यांतून न घेणारी वजा केली. कोणाचे पथ्य, कोणाचा नेम, कोणाला नुसतीच नको, आणि ज्यांना गाडी चालवून परत जायचे ती मंडळी. अशी २२ झाली. राहिली २८. पाचांच्या हिशेबाने सहा बाटल्या, सहांच्या हिशेबाने पाच, आठांच्या हिशेबाने चार. मी कागदावर तिन्ही आकडे मांडले आणि पेन्सिल दातात धरून बसलो.

वहिनी शेजारी मटार सोलीत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "भाऊजी, एका बाटलीत किती माणसं होतात?"

"सहा," मी म्हणालो.

"सहा," त्यांनी तो आकडा स्वतःशी एकदा म्हटला. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "आपल्याकडं एका बाटलीला एक माणूस पुरायचा."

मला पुढे काही बोलवेना.

दादा हा पंगतीतला माणूस. लग्नकार्यात कोणी न सांगता उपरणे कमरेला बांधून जिलबीचे ताट उचलावे, ते त्यानेच. आडवा हात करणाऱ्याच्या बोटांमधून तो जिलबी पानावर टाकी आणि पुढच्या पानाकडे गेलेला असे. चाळीस पानांची एक ओळ वाढून आला तरी कोणाला काय हवे, कोणी काय टाकले, हे त्याला पाठ. असा माणूस पुढे एकटा प्यायला बसू लागला. त्या दिवसांत परवान्यावर महिन्याला किती 'युनिट' ते लिहिलेले असे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने सरकारनेही आपल्या परीने एक भागाकार मांडून ठेवला होता. पण परवान्यावरचे आकडे घराच्या चार भिंतींत लागू पडत नसतात. दादा म्हणे, "मी एकच पेला घेतो." ते अक्षरशः खरे होते. पेला एकच असे. तो रिकामा होऊ देत नसे, इतकेच.

वहिनी बाटलीच्या कागदावर पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवीत आणि सकाळी ती पाहत. काही दिवसांनी दादाला ती रेघ कळली, आणि तो रेघेपर्यंत पाणी भरून ठेवू लागला. मग वहिनींनी बाटल्या मोरीत ओतायला सुरुवात केली. त्या रात्री माझ्या पुतण्याने कानांवर उशी घेऊन काढल्या. दादा गेला १९९१ साली, सत्तेचाळीसाव्या वर्षी. यकृताने जबाब दिला होता. तेव्हा पुतण्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्याने आजतागायत थेंबाला स्पर्श केलेला नाही, आणि याविषयी कधी कोणाला उपदेशही केलेला नाही.

मटारचे ताट बाजूला सारून वहिनी म्हणाल्या, "सहाच धरा. आठ करून कुणाचा घोट मोजू नका. पोरांची हौस आहे, तर ती नीट होऊ द्या. पण एक करा. बाटली कुणाच्या पुढ्यात ठेवायची नाही. ओतून झाली की आत न्यायची."

"आणि ओतणार कोण?"

"का? तुमचा पुतण्या आहे की. बापासारखा वाढतो तो."

मी कागदावरचे सहा आणि चार खोडून पाच ठेवले. पण त्या रात्री हिशेबापेक्षा वहिनींची अटच माझ्या मनात घोळत राहिली. आपल्या पंगतीत पान मांडले जाते आणि पदार्थ वाढला जातो. भांडे कोणाच्या मालकीचे नसते. भात हवा तर वाढप्याची वाट पाहावी लागते, नको तर पानावर हात आडवा धरावा लागतो. देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये ओळखीचा एक हात असतो, आणि त्या हाताला डोळे असतात. घेणाऱ्याला पुरे झाले, हे कधीकधी घेणाऱ्याच्या आधी त्या डोळ्यांना कळते. शेकडो पानांना जिलबी वाढणाऱ्या दादाला स्वतःच्या पेल्यापाशी वाढपी कोणी नव्हता. आपण काही त्याच्या पेल्यावर हात आडवा धरला नव्हता असे नाही. घरातल्या सगळ्यांनी तो धरून पाहिला. पण बाटली त्याच्या पुढ्यात होती, आणि पुढ्यातल्या बाटलीपुढे इतरांचे हात आखूड पडतात. भागाकाराला भाजक लागतो. भाजक एक झाला की भागाकार उरतच नाही. जेवढे आहे तेवढे सगळे एकाच्या पदरात.

साखरपुड्याच्या दिवशी पुतण्याने पांढरा नॅपकिन मनगटावर टाकला. लागणारे परवाने त्याने आधीच काढून ठेवले होते, आणि बाटल्या सकाळपासून बर्फात होत्या. ओतायचे कसे, ते नातीने त्याला आदल्या दिवशी शिकवले होते. पेला तिरपा धरायचा आणि धार त्याच्या काचेवरून घसरू द्यायची. रँसच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मोजून दाखवले आहे की, सरळ पेल्यात वरून धार धरण्यापेक्षा असे तिरपे ओतले तर वायू अधिक टिकतो, आणि वाइन जितकी गार तितका तो अधिक टिकतो. याच गृहस्थांनी पुढे असाही हिशेब मांडला की, १०० मिलिलिटरच्या एका पेल्यातून ढवळाढवळ न करता सुमारे दहा लाख बुडबुडे उठतात. दहा लाख मोजणाऱ्याच्या चिकाटीपुढे माझे अठ्ठावीस म्हणजे काहीच नव्हते.

पुतण्या एकेका माणसापुढे गेला. आधी थोडे ओतून फेस बसू द्यायचा, मग पुन्हा ओतायचे. पेला दोन-तृतीयांश भरला की मनगट वळवून धार तोडायची. त्याचे ते मनगट वळवणे पाहून माझ्या छातीत काहीतरी हलले. तुपाची धार तोडताना दादाचे मनगट असेच वळे. ज्या बाविसांना वाइन नको होती त्यांना आणि पोरांनाही त्याने तसल्याच उंच पेल्यांतून कोकम सरबत दिले. त्यामुळे पेले उंचावले तेव्हा गच्चीवर चौसष्ट हात वर होते आणि कोणाच्या हातात काय, हे कोणी पाहत नव्हते. एकेक बाटली रिकामी होताच आत जात होती. वहिनी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या बाटल्या मोजीत असाव्यात, अशी माझी समजूत. पण त्यांची नजर सबंध वेळ मुलाच्या हाताकडे होती.

पाच बाटल्यांचे तीस पेले, त्यातून अठ्ठावीस गेले. थोडे फेसात गेले. शेवटच्या बाटलीत दीड पेला उरला. एक-दोघांनी नजरेने विचारून पाहिले, पण पुतण्याने हसून मान हलवली आणि बाटली आत नेली. ही वाइन उघडल्यावर फार काळ टिकत नाही. बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवून ठेवला की फेस तसाच राहतो, अशी एक युरोपी समजूत आहे. पण प्रयोगाच्या कसोटीला ती उतरलेली नाही. घट्ट बूच लावले तर रात्र निघते, नाहीतर सकाळी नुसते आंबट पाणी. कपाटात लपवून महिनाभर पुरवावी, असा हिचा पिंडच नाही. एवढ्यावरून मी या वाइनला निर्दोष ठरवीत नाही. बुडायचेच असेल त्याला कोणतीही बाटली खोल असते.

पुतण्याने स्वयंपाकघरात जाऊन तो दीड पेला मोरीत ओतला. पाण्याचा तांब्याही वर ओतला. वहिनी तिथे उभ्या होत्या. याच घरात असे ओतणे कधी काळी चोरून, धडधडत्या छातीने होत असे. आज दिवे लागलेले होते, बाहेर पोरे गाणी म्हणत होती, आणि मुलाने आईच्या देखत बाटली उपडी केली. "किती उरली होती?" वहिनींनी विचारले. "दीड पेला," तो म्हणाला. "बरं," त्या म्हणाल्या आणि मसालेभाताकडे वळल्या.

तेव्हापासून आमच्या आप्तांमध्ये मी या विषयातला जाणकार ठरलो आहे. कोणाचे लग्न निघाले, कोणाच्या मुलाला बढती मिळाली की मला फोन येतो आणि एका बाटलीत किती, असे विचारतात. मी सहा सांगतो. बारा बाटल्यांच्या खोक्यात बहात्तर, हेही सांगतो. मात्र त्याआधी काही विचारून घेतो. न घेणारे किती आहेत? त्यांच्यासाठी काय केले आहे? आणि ओतायला कोण उभा राहणार आहे? पलीकडचा माणूस पहिल्या दोन प्रश्नांना भराभर उत्तरे देतो, तिसऱ्याला थोडा थांबतो आणि म्हणतो, "घेतील की आपापलं." मग मी त्याला सांगतो की, तसे असेल तर बाटल्यांचा हिशेब माझ्याकडे नाही. आधी वाढपी ठरव, मग फोन कर.